विहिरीबाहेर उरलेली बाई

२०१५ साली 'जिंदगी' वाहिनीवर 'वक्त ने किया क्या हसीं सितम' ही पाकिस्तानी मालिका लागायची. तिचे मूळ नाव 'दास्तान'. तिकडे ती २०१० मध्येच 'हम टीव्ही'वर येऊन गेली होती. रझिया बट यांच्या 'बानो' या उर्दू कादंबरीवरची ही मालिका आमच्या मराठवाड्यातल्या घरी न चुकता पाहिली जायची. आम्ही तेव्हा बी.एड. करत होतो. रात्रीची भांडी तशीच पडलेली असत आणि आई, खाला, शेजारच्या दोघी-तिघी पदर डोळ्यांना लावून बसलेल्या असत. लुधियान्याची बानो, तिचे उद्ध्वस्त झालेले घर, तिला डांबून ठेवणारा माणूस. एका रात्री कोपऱ्यात तस्बीह फिरवत बसलेली आमची मोठी नानी, म्हणजे आईची मावशी, एकदम म्हणाली, "हमारी बावडी का कब दिखाते ये लोगां?" आमच्या विहिरीचे हे लोक कधी दाखवणार? कुणीच काही बोलले नाही. आईने तिला चहा विचारला आणि आम्ही टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढे उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरी लागली. फाळणीवरचे साहित्य हे उर्दूचे मोठे धन आहे असे आम्ही ऐकत आलो होतो, मग तेच मुलांना सांगू लागलो. पण नानीचा तो प्रश्न मधूनमधून वर येत राहिला. युद्धात, दंगलीत ज्यांच्या देहाची विटंबना झाली आणि तरीही ज्या जगल्या, त्यांना आपण कसे आठवतो? मेलेलीला आठवणे सोपे असते. तिच्यासाठी फातेहा पढता येतो, तिला शहीद म्हणता येते. जिवंत उरलेली मात्र अडचणीची ठरते. ती आपल्याच गल्लीत राहते, पाणी भरते, आपल्याकडे पाहते.

अशा साहित्यापुढे आणि अशा मालिकांपुढे आम्ही दोन साधे प्रश्न ठेवतो. पहिला असा, की लेखक आपल्याच बाजूच्या माणसाकडे बोट दाखवतो का? आणि दुसरा, अत्याचारानंतरही बाईला आयुष्य असते, तिला जबान असते, हे तो मान्य करतो का? 'त्यांनी आमच्या बायकांचे काय केले' एवढेच सांगणे म्हणजे आठवण नव्हे, तो नुसता हिशेब झाला. त्या हिशेबात बाई फक्त पुरावा म्हणून उभी असते.

१९४७ साली पंजाबात जे घडले त्याला कुणी रीतसर युद्ध म्हटले नाही, पण बायकांच्या अंगावर ते युद्धच होते. सरकारी अंदाजाप्रमाणे भारतात सुमारे ५०,००० मुस्लिम स्त्रिया आणि पाकिस्तानात सुमारे ३३,००० हिंदू-शीख स्त्रिया पळवून नेलेल्या होत्या. ६ डिसेंबर १९४७ रोजी दोन्ही सरकारांत त्यांना परत आणण्याचा करार झाला आणि १९४९ मध्ये भारताने त्यासाठी कायदा केला. १ मार्च १९४७ नंतर जी बाई दुसऱ्या धर्माच्या घरात सापडेल ती 'पळवलेली' असे त्या कायद्याने ठरवून टाकले. तिला स्वतःला जायचे आहे की नाही, याला त्यात जागा नव्हती. पहिल्या आठ-नऊ वर्षांत दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे ३०,००० बाया परत आणल्या गेल्या. त्यांतल्या कित्येकींना तान्ही मुले मागे ठेवावी लागली. म्हणजे आधी एका माणसाने उचलून नेले आणि नंतर सरकारने उचलून आणले. दोन्ही वेळा तिला कुणी विचारले नाही. साहित्य तरी तिला विचारते का, हे पाहायचे आहे.

सआदत हसन मंटो यांची 'खोल दो' ही कथा १९४८ मध्ये 'नुकूश' या मासिकात आली आणि सरकारने मासिकच सहा महिन्यांसाठी बंद केले. अश्लीलतेची ओरड झाली. आमच्या मते टोचले ते वेगळेच होते. सकीनाला शोधायला तिच्या म्हाताऱ्या बापाने ज्या आठ तरुणांना सांगितले, ते शीख नव्हते, हिंदू नव्हते. ते आपल्याच छावणीचे स्वयंसेवक होते. ते तिला धीर देतात, दूध पाजतात. तिच्या अंगावर ओढणी नाही म्हणून एक जण आपला कोट काढून देतो. त्या कोटाची आठवण कथा संपल्यावर अंगावर काटा आणते, कारण पुढे काय झाले हे तेव्हा कळते. मंटो त्याच वर्षी मुंबई सोडून लाहोरला गेले होते. नव्या देशात पाय टेकत नाहीत तोच त्यांनी त्या देशाच्या 'रझाकारां'कडे, म्हणजे स्वयंसेवकांकडे, बोट दाखवले. आमच्या पहिल्या प्रश्नाला उर्दूत यापेक्षा सरळ उत्तर क्वचितच मिळेल.

पण दुसऱ्या प्रश्नाचे काय? दवाखान्यात सकीनाचा हात निर्जीवपणे हलतो. बाप मुलगी जिवंत आहे म्हणून आनंदाने ओरडतो, डॉक्टर घामाने भिजतो आणि कथा संपते. खरे तर सकीनाचे आयुष्य तिथून सुरू व्हायचे होते. ती बरी झाली का? तिने बापाला काही सांगितले का? मंटोंनी आपल्याला हादरवले, पण सकीनाला मुकीच ठेवले. लघुकथेला एवढेच झेपते, असे कुणी म्हणेल आणि ते खरेही आहे. म्हणूनच 'खोल दो'च्या पुढचे पान कुणी लिहिले ते पाहिले पाहिजे.

ते राजिंदरसिंह बेदी यांनी 'लाजवंती'त लिहिले. उर्दूत या विषयावर एकच कथा वाचायची असेल तर आम्ही हीच सांगू. सुंदरलालची बायको लाजो फाळणीत पळवली गेली आहे. तो पूर्वी तिला मारझोड करायचा. आता मोहल्ल्यातल्या समितीचा तो चिटणीस आहे. परत आलेल्या बायांना घरात आणि मनात जागा द्या, असे सांगत प्रभातफेऱ्या काढतो. आणि एक दिवस लाजो खरोखर परत येते. पहिला धक्का त्याला काय बसतो? ती रोडावलेली नाही. दुःखाने झिजून काटकी झाली असेल अशी त्याची कल्पना होती, आणि ही तर पूर्वीपेक्षा निरोगी दिसते. तिने ओढणीही मुसलमान बायांसारखी घेतलेली आहे. बाईच्या दुःखाचे एक चित्र आपण आधीच काढून ठेवतो आणि ती त्या चित्रासारखी दिसली नाही की मनातून तिच्यावर नाराज होतो. ही गोष्ट बेदींनी त्या एका नजरेत पकडली आहे.

पुढे सुंदरलाल तिला मारत नाही. तो तिला 'देवी' म्हणू लागतो. तिकडचा माणूस कसा वागवायचा एवढे तो एकदा विचारतो, तिने दोन शब्द सांगितले न सांगितले तोच तो म्हणतो की झाले ते जाऊ दे, यात तुझा काही दोष नाही. लाजोला सगळे सांगून रडायचे होते, हलके व्हायचे होते. तिला परत तीच भांडणारी, मार खाऊन पुन्हा हसणारी लाजो व्हायचे होते. ती घरात वसली, पण उजाडही झाली. सुंदरलाल दुष्ट नाही. उलट तो सगळ्या मोहल्ल्यात चांगला माणूस आहे. म्हणूनच ही कथा आपल्याला सोडत नाही. तिला घराबाहेर काढणारे निर्दयी लोक ओळखू येतात. पण तिला देव्हाऱ्यात बसवून तिचे तोंड बंद करणारा भला माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो. बेदी शीख घरातले, लिहिणारे उर्दूत. त्यांनीही बोट दाखवले ते आपल्याच अंगणातल्या माणसाकडे.

अमृता प्रीतम यांच्या 'पिंजर' या १९५० च्या पंजाबी कादंबरीत बाई स्वतः निर्णय घेते. पूरोला रशीद फाळणीच्या बऱ्याच आधी, जुन्या खानदानी वैरापोटी पळवतो. ती एकदा पळून माहेरी येते तर आईबापच दार लावून घेतात. शेवटी सीमेवर परत जायची वेळ येते तेव्हा ती रशीदबरोबरच राहते. हा निर्णय सगळ्यांना पटेल असे नाही, आम्हालाही तो वाचताना त्रास होतो. पण तो तिचा आहे. कायद्याने ज्या बाईला विचारले नाही तिला कादंबरीने विचारले, हे कमी नाही. २००३ मध्ये चंद्रप्रकाश द्विवेदींनी यावर चित्रपट काढला. त्यात मनोज बाजपेयींचा रशीद इतका पश्चात्तापी आणि हळवा झाला आहे की त्याच्या दुःखापुढे पूरोचे दुःख मागच्या रांगेत जाऊन बसते. पुस्तकातून पडद्यावर येताना असे बरेचदा होते.

दूरदर्शनवर जानेवारी १९८८ मध्ये गोविंद निहलानींची 'तमस' मालिका आली. तेव्हा आमचा जन्मही झाला नव्हता, आम्ही ती पुढे पाहिली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची ही मालिका थांबवावी म्हणून लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने ती दाखवायला परवानगी दिली, याबद्दल त्या न्यायमूर्तींचे आभारच मानले पाहिजेत. दंगल आपोआप होत नाही, ती घडवली जाते, हे या मालिकेने घराघरात सांगितले. त्यात दोष कुणा एका जमातीच्या माथी मारलेला नाही. पहिल्या प्रश्नाला 'तमस' पुरून उरते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र ती अडखळते.

त्यातला विहिरीचा प्रसंग कुणी विसरलेले नाही. हल्लेखोर जवळ आल्यावर शीख बाया मुलांना घेऊन रांगेने चालत जातात आणि विहिरीत उड्या टाकतात. पडद्यावर तो प्रसंग एखाद्या प्रार्थनेसारखा दिसतो. असा प्रसंग मार्च १९४७ मध्ये रावळपिंडीजवळच्या थोहा खालसा गावी खरोखरच घडला होता. पण उर्वशी बुटालियांनी १९९८ च्या आपल्या पुस्तकात त्या गावच्या एका बाईची साक्ष नोंदवली आहे. तिनेही उडी मारली होती. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. पण तोवर विहीर इतकी भरली होती की बुडायला पाणीच उरले नव्हते. ती जगली, म्हातारी झाली, आणि जे पाहिले ते सांगत राहिली. दरवर्षी स्मरण होते ते मेलेल्यांचे. पडद्यावरही त्याच आहेत. ही विहिरीबाहेर उरलेली बाई मात्र मालिकेच्या चौकटीत कुठेच नाही. आणि इज्जतीसाठी मेलेलीलाच आपण मोठी म्हणत राहिलो, तर जगलेलीला न बोलता काय सांगत असतो? की तूही उडी मारली असतीस तर बरे झाले असते. दूरचित्रवाणीने हे जाणूनबुजून सांगितले असे नाही, पण चित्राच्या सौंदर्यातून ते सांगितले गेले.

आता पुन्हा बानोकडे येऊ. 'दास्तान'चा बराचसा भाग आमच्या पहिल्या प्रश्नात नापास होतो. सीमेच्या अलीकडे अत्याचार करणारे जवळपास सगळे परके, आणि पलीकडे स्वप्नातला पाक देश. पण शेवटाकडे मालिका वळण घेते. पाच वर्षे सोसून बानो तिथे पोहोचते तेव्हा तिचा मंगेतर हसन दुसऱ्या मुलीशी बांधला गेलेला असतो. ज्या देशाच्या नावावर ती तगली, तिथलाच एक इभ्रतदार माणूस तिच्यावर हात टाकू पाहतो. त्याचा तिच्या हातून खून होतो आणि मग तिचे मनच कोसळते. इथे मालिकेने आपल्याच घराकडे पाहिले. पण बानोला वेड लागल्यावर तिचे बोलणेही वेडीचेच ठरले. सकीना मुकी, लाजो देवी, बानो वेडी. शहाणपणाने, शांतपणे बसून सगळे सांगणारी बाई आपल्या कल्पनेला अजून झेपत नाही असे दिसते.

अशा बायांचे बोलणे ऐकणारी एक लेखिका उर्दूत होती. बेगम अनीस किदवई यांचे पती शफी अहमद किदवई १९४७ च्या ऑक्टोबरात मसुरीत मारले गेले. ते दुःख घेऊन या बाई दिल्लीत पुराना किला आणि हुमायूनच्या मकबऱ्याजवळच्या छावण्यांत कामाला लागल्या. पळवलेल्या बायांना शोधण्याच्या कामातही त्या होत्या. 'आझादी की छाँव में' या पुस्तकात त्यांनी परत यायला नकार देणाऱ्या मुलींचीही बाजू समजून घेतली. स्वतःच्या नवऱ्याच्या खुनानंतरही त्यांची लेखणी हिशेबाला बसली नाही. ते पुस्तक निघायला १९७४ साल उजाडले. आमच्या बी.एड.च्या वर्गात मंटोंचे नाव निघाले, अनीस किदवईंचे एकदाही निघाले नाही.

आणि उर्दूवाल्यांची खरी परीक्षा १९७१ मध्ये झाली. पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी फौजेने आणि तिच्या स्थानिक साथीदारांनी बंगाली स्त्रियांवर जे केले, त्यात बहुसंख्य पीडित मुसलमानच होत्या. बांगलादेश सरकार दोन लाखांचा आकडा सांगते. आकड्यावर वाद आहे, अत्याचारावर नाही. आणि उर्दू बोलणाऱ्या बिहारी बायाही त्या वर्षात सुटल्या नाहीत. फैज अहमद फैज १९७४ मध्ये ढाक्याला जाऊन आले आणि त्यांनी एक व्याकुळ गझल लिहिली. इंतजार हुसेन यांची 'बस्ती' १९७९ ची. दोन्ही मोठ्या लेखण्या, पण त्यांत दुःख आहे ते दुराव्याचे, हरवल्याचे. ती बंगाली बाई तिथेही दिसत नाही. मंटोंनी १९४८ मध्ये जे केले ते १९७१ नंतर त्या ताकदीने कुणी केल्याचे आमच्या वाचनात आले नाही. तिकडे ढाक्यात डिसेंबर १९७१ मध्ये सरकारने या स्त्रियांना 'बीरांगना' म्हटले. नाव मानाचे, पण गावोगाव तोच टोमणा झाला. देवी म्हणण्यासारखेच ते. नीलिमा इब्राहिम यांनी मात्र अशा सात जणींकडून ऐकून 'आमि बीरांगना बोलछि' हे पुस्तक लिहिले. नावातच 'मी बोलते आहे' असे म्हटले आहे. १९९९ मध्ये शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी स्वतःच्या नावानिशी, चेहऱ्यानिशी बोलल्या. त्यांच्यासारख्या स्त्रियांना २०१५ पासून स्वातंत्र्यसैनिकांचा दर्जा मिळू लागला. बाई बोलली की राज्यालाही उशिरा का होईना ऐकावे लागते.

इथवर पंजाबचे झाले, ढाक्याचे झाले. पण नानी आमच्या विहिरीबद्दल विचारत होती. ती बारा-तेरा वर्षांची असताना, १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले आणि पाच दिवसांत राज्य संपले. त्याआधी लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी खेडोपाडी जे केले, हिंदू बायांना जे सोसावे लागले, ते मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाच्या लेखनात नोंदले गेले आहे आणि ते आपण मान खाली घालून वाचले पाहिजे. 'रझाकार' या उर्दू शब्दाचा साधा अर्थ स्वयंसेवक. मंटोंच्या कथेतही तोच शब्द आहे, हे विसरू नये. पण त्यानंतर जे झाले ते कुणी लिहिले नाही. भारत सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गावोगाव फिरून अहवाल दिला. अगदी जपून केलेला त्यांचा अंदाज २७,००० ते ४०,००० मृत्यूंचा आहे. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. बलात्कार, बायांना पार सोलापूर-नागपूरपर्यंत पळवून नेणे, प्रेतांनी भरलेल्या विहिरी, हे सगळे त्यात आहे. मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही त्यात आहेत. अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात राहिला आणि २०१३ च्या सुमारास सर्वांना वाचायला मिळाला.

त्या समितीत काझी अब्दुल गफ्फार होते. 'लैला के खुतूत' लिहिणारे तेच. १९३२ साली एका वेश्येच्या तोंडून, तिच्या पत्रांतून, शरीफ समाजाला आरसा दाखवणारा हा माणूस आमच्या विहिरींच्या काठावर उभा राहिला होता. पण त्या बायांची पत्रे लिहिली गेली नाहीत. आमच्या घरात त्या दिवसांना 'पोलिस ॲक्शन' म्हणतात, आणि तो शब्द उच्चारला की वडीलधारे विषय बदलतात.

हे लिहिताना दुसऱ्यांच्या कथा तपासणे आम्हाला सोपे गेले. मोठी नानी २०१८ मध्ये अल्लाला प्यारी झाली. त्या विहिरीत कोण होते, बाहेर कोण उरले होते, की ती स्वतःच उरलेली होती, हे आम्ही तिला तीन वर्षांत एकदाही विचारले नाही. तिला त्रास होईल म्हणून विचारले नाही, असे आम्ही स्वतःला समजावत होतो. सुंदरलालचेही हेच म्हणणे होते. आम्ही तिच्या पाया पडायचो, तिच्या दुआ घ्यायचो, तिचा मान ठेवायचो. फक्त तिचे ऐकले नाही.

आपल्या मुस्लिम मराठी साहित्याला दोन भाषांचा वारसा आहे. मंटो-बेदींची उर्दू आपली आहे आणि ज्या भाषेत या गावांनी हाका मारल्या ती मराठीही आपली. हे काम दुसरे कुणी करणार नाही. त्या वेळच्या मुली आज नव्वदीच्या घरात आहेत, आणि फार थोड्या उरल्या आहेत. वाचकांपैकी कुणाच्या घरी अशी नानी, दादी असेल तर तिच्याजवळ बसा. ती नको म्हणाली तर गप्प राहा, तोही तिचा हक्क आहे. पण ती बोलू लागली, तर चहा विचारू नका आणि टीव्हीचा आवाज वाढवू नका.